नक्षीचं अक्षर: एकेका रेघेने भरत जाण्याची सविस्तर रीत

नक्षीची अक्षरं बिघडतात ती बहुतेक वेळा पेन कागदाला लागण्याआधीच. अक्षर किती जाड ठेवायचं, कुठला भाग गडद करायचा, कुठे कोणती नक्षी भरायची, यातलं काहीच ठरलेलं नसतं. मग अर्ध्यावर हात थबकतो, ‘आता इथे काय काढू?’ असा प्रश्न पडतो, आणि ज्या निवांतपणासाठी बसलो होतो तो तिथेच मोडतो. मी गेली काही वर्षं जवळपास रोज एक अक्षर काढते. जे ठरवायचं ते सगळं शिसपेन्सिलीने आधी ठरवून टाकायचं आणि पेन हातात घेतल्यावर फक्त पुढच्या रेघेकडे बघायचं, एवढं एक पथ्य पाळायला लागल्यापासून माझी अक्षरंही सुधारली आणि डोकंही खरोखर शांत व्हायला लागलं. पुढे जे लिहिलंय ते याच क्रमाने: आधी ठरवणं, मग भरणं.

अक्षरात नक्षी भरण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपून ठेवलेलं ‘बुक ऑफ केल्स’ हे सन 800 च्या सुमाराचं हस्तलिखित आहे. त्याच्या 34 व्या पानावर ‘काय’ (Χ) हे ग्रीक अक्षर जवळजवळ पूर्ण पान व्यापून बसलंय. पान जेमतेम 33 सेंटिमीटर उंच, पण त्या अक्षराच्या अंगात चक्रं, चक्रांत आणखी चक्रं, गुंफलेल्या पट्ट्या, आणि खालच्या बाजूला मांजरं, उंदीर आणि मासा धरलेलं पाणमांजरसुद्धा आहे. अरबी लिपीच्या कुफी वळणातही अक्षरांच्या टोकांना पानं-फुलं फुटलेली आणि उभ्या दांड्यांच्या गाठी मारलेल्या दिसतात. आज ज्याला ‘झेंटँगल’ म्हणतात ती, सोप्या नक्ष्या पुन्हा पुन्हा काढत जागा भरण्याची पद्धत अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या दोघांनी या शतकाच्या पहिल्या दशकात बसवली. मारिया मुळात सुलेखन करणाऱ्या. एका मोठ्या अक्षरामागची बारीक नक्षी भरताना भोवतालचं भान हरपून आपण कशा गुंगून जातो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यातून ही पद्धत निघाली. म्हणजे या प्रकाराचा उगमच अक्षरातला आहे. मला ही गोष्ट फार आवडते.

सामान

पेन चांगलं हवं, बाकी सगळं जमवून घेता येतं. रंगद्रव्याची, वाळल्यावर पाण्याने न पसरणारी शाई असलेलं बारीक टोकाचं फाइनलायनर घ्या. साकुरा कंपनीच्या पिग्मा मायक्रॉन पेनांवरचे आकडे बघून नवखे लोक गोंधळतात. 01 क्रमांकाच्या पेनाची रेघ 0.25 मिलिमीटरची असते, 05 ची 0.45 आणि 08 ची 0.50. नक्षीला 01, काळं भरायला 08, एवढी दोन पेनं पुरतात. जेल पेनाची शाई वरवर राहते आणि तळहाताखाली पसरते. बॉलपेनाने सराव जरूर करा, पण त्याची रेघ मध्येच फिकी पडते आणि गाठी सोडते. एकसारख्या रेघांच्या कामात ते डोळ्यांना खुपतं.

कागद गुळगुळीत आणि साधारण 200 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचा) असावा. छपाईचा नेहमीचा कागद 70 ते 80 जीएसएमचा असतो. त्यावर शाई तंतूंतून फुटते, आणि दोन रेघांमधली बारीक पांढरी जागा भरून जाते. खरखरीत जलरंगी कागदही नको, पेनाचं टोक त्यावर लवकर झिजतं. याशिवाय एक 2एच पेन्सिल आखणीला, एक 2बी छायेला, मऊ खोडरबर, आणि छाया पसरवायला पेपर स्टंप, म्हणजे घट्ट गुंडाळलेल्या कागदाची टोकदार काडी. स्टंप नसेल तर कापसाची काडी चालते.

पट्टी जवळ असू द्या, पण ती फक्त आखणीपुरती. नक्षीच्या रेघा हातानेच काढायच्या. हाताच्या रेघेतली जराशी थरथर शंभर रेघांत विरघळून जाते. पट्टीने मारलेल्या रेघांत मात्र एक जरी तिरकी गेली तरी ती लगेच उठून दिसते.

अक्षर निवडताना

देवनागरी अक्षरं या कामाला फार अनुकूल आहेत, कारण त्यांचे भाग मुळातच वेगवेगळे पडतात. शिरोरेषा, उभा दंड, पोट, गाठ, शेपूट. एकेका भागाला एकेक नक्षी दिली की निम्मं ठरवणं झालंच. पहिल्यांदा करणाऱ्यांनी ‘व’, ‘ब’, ‘प’, ‘म’, ‘न’ किंवा ‘क’ घ्यावं. ‘ग’ दिसायला सोपा, पण त्याचे दोन तुकडे फक्त शिरोरेषेने जोडलेले असतात. दोन्ही तुकडे सारख्याच गडदपणाचे ठेवले नाहीत तर अक्षर फुटल्यासारखं दिसतं. ‘इ’, ‘झ’, ‘छ’ आणि ‘ज्ञ’ यांत वळणं एवढी दाटीने येतात की अक्षर जाड केलं की आतल्या मोकळ्या जागा बुजतात. ती नंतर. ‘ळ’ माझं अत्यंत लाडकं आहे, दोन गोल पोटं म्हणजे चक्रांच्या नक्षीला आयती जागा. रोमन लिपीत काढायचं असेल तर टोकांना शेंड्या नसलेलं, सगळीकडे सारख्या जाडीचं वळण निवडा. ‘ओ’, ‘एस’, ‘एम’ यांत भरपूर मोकळं अंग मिळतं.

इथून पुढे मी ‘क’ धरून सांगते.

सांगाडा आणि अंग

15 सेंटिमीटरचा चौरस कागद घ्या. मधोमध 10 सेंटिमीटर उंच ‘क’ 2एचने अगदी हलक्या हाताने, एकेरी रेघेत काढा. हा सांगाडा. तो नेहमीच्या लिहिण्यातल्यापेक्षा जरा ऐसपैस काढायचा, विशेषतः डावं पोट. अंग चढलं की आतली जागा कमी होते, हे सारखं ध्यानात ठेवायला हवं.

आता अंग. सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना समान अंतर राखून रेघा काढा. एकूण जाडी दीड सेंटिमीटर, शिरोरेषा मात्र एक सेंटिमीटर पुरे. शिरोरेषा इतर भागांइतकीच जाड ठेवली तर ती अक्षराच्या डोक्यावर ओझं टाकल्यासारखी वाटते. डाव्या पोटातलं भोक निदान सेंटिमीटरभर उरलं पाहिजे. उरत नसेल तर पोट बाहेर ढकला, जाडी कमी करू नका. बारीक अंगात नक्षी मावत नाही. 01 च्या पेनाने दीड मिलिमीटर अंतरावर रेघा काढल्या तर दीड सेंटिमीटरच्या अंगात साधारण दहा रेघा बसतात. एखादी नक्षी ‘नक्षी’ म्हणून ओळखू यायला तेवढी पुनरावृत्ती लागतेच.

अंग चढवायची आणखी एक युक्ती आहे. दोन पेन्सिली रबरबँडने एकमेकींना बांधायच्या, दोन्ही टोकं एका पातळीत आणायची आणि शिरोरेषेशी साधारण 45 अंशांचा कोन राखून, तो कोन अजिबात न बदलता अक्षर लिहायचं. दोन्ही टोकं एकाच वेळी रेघ सोडतात आणि बोरूने लिहिल्यासारखं जाड-बारीक होत जाणारं पोकळ अक्षर तयार होतं. वळणांना त्यात सुंदर लय येते. जिथे रेघा एकमेकींना चिकटतील अशी बारीक टोकं नक्षीशिवाय, काळी भरायची.

खण पाडणं

आता त्या पोकळ अंगाचे खण पाडायचे. आधी एक प्रश्न सोडवा: ‘क’चं पोट आणि उजवी आकडी उभ्या दंडाला छेदून जातात, तर पुढे कोण आणि मागे कोण? मी दंड पुढे ठेवते. पोट दंडाच्या डाव्या कडेला येऊन थांबतं आणि आकडी उजव्या कडेपासून सुरू होते. म्हणजे दंड सलग उभा. शिरोरेषा दंडाच्या वरून जाते. चार भाग, चार खण.

लांब भागांत हवं तर पेन्सिलीने एक सैल नागमोडी रेघ सोडून आणखी दोन खण पाडता येतात. झेंटँगलवाले अशा रेघेला ‘स्ट्रिंग’ म्हणतात, मी धागा म्हणते. पण एका अक्षरात चारपेक्षा जास्त नक्ष्या नकोत, असं माझं ठाम मत आहे. सात-आठ नक्ष्या कोंबलेलं अक्षर नमुन्यांच्या तक्त्यासारखं दिसतं, वाचलं जात नाही.

मग प्रत्येक खणावर पेन्सिलीने लहानसा अंक घाला: 3 म्हणजे गडद, 2 मध्यम, 1 फिकट. माझ्या ‘क’ला दंड 3, शिरोरेषा आणि पोट 2, आकडी 1. गडद दंडामुळे अक्षर लांबूनही उभं दिसतं. शेजारच्या दोन खणांना एकच अंक आला आणि त्यांच्यामध्ये गडद काही नसलं, तर ते दुरून एकमेकांत मिसळतात.

पाच खुणा आणि त्यांतून निघणाऱ्या नक्ष्या

ठिपका, सरळ रेघ, कमान, नागमोडी रेघ आणि गोल. कितीही गुंतागुंतीची नक्षी घ्या, ती या पाचांतच उलगडते. म्हणून ‘मला चित्रकला येत नाही’ ही अडचण इथे येत नाही. ज्याला अक्षर लिहिता येतं त्याला या पाचही खुणा येतात. खालच्या नक्ष्या आधी सरावाच्या कागदावर दोन-दोन इंचांच्या चौकटीत काढून बघा. नक्षी हाताला पाठ झालेली असली तरच अक्षरात घ्या. अक्षरातच नवी नक्षी शिकायला गेलं की सगळं लक्ष ‘पुढे काय’ यात अडकतं.

चंद्रकोरी. खणाच्या कडेला चिकटून लहान अर्धगोल काढत जा, दोन अर्धगोलांत थोडं अंतर ठेवा. ते काळे भरा. आता प्रत्येक अर्धगोलाभोवती, त्याला न टेकता, एक कमान. मग या सगळ्या कमानींच्या वरून जाणारी एक लाट, लाटेला समांतर दुसरी, तिसरी, खण भरेपर्यंत. लाटा हळूहळू सपाट होत जातात ते बघण्यासारखं असतं. ‘क्रेसेंट मून’ या नावाने ही नक्षी प्रसिद्ध आहे आणि पोटासारख्या वळणदार भागाला ती उत्तम बसते.

पट्ट्या. खणाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोन समांतर रेघा म्हणजे एक पट्टी. दुसरी पट्टी वेगळ्या कोनात काढा, पण पहिलीपाशी आली की रेघ थांबवा आणि पलीकडून पुन्हा सुरू करा, म्हणजे ती मागून गेलीय असं वाटेल. तिसरी या दोन्हींच्या मागून. सात-आठ पट्ट्या झाल्या की उरलेल्या तिकोनी-चौकोनी जागा काळ्या भरा. काळं भरताच पट्ट्या कागदातून वर उचलल्यासारख्या होतात. हिला ‘हॉलिबॉ’ म्हणतात. गडद खणासाठी हिच्यासारखी दुसरी नाही.

विणकाम. खणाचे चौकोन पाडा, एका चौकोनात तीन उभ्या रेघा, शेजारच्यात तीन आडव्या, पुन्हा उभ्या. खालच्या ओळीत क्रम उलटा. शिरोरेषेला हीच.

गोटे. लहान-मोठे गोल एकमेकांना टेकवून काढायचे, मधल्या फटी काळ्या करायच्या. याच गोलांऐवजी चक्रं काढली तर खण लगेच फिकट आणि हवेशीर होतो. मध्यापासून सुरुवात करून दोन-तीन वेढे बाहेर या, आणि शेवटचं टोक आतल्या वेढ्याला जोडून गोल बंद करा. टोक उघडं सोडलं की ते गोगलगाईसारखं दिसतं, बंद केलं की गुंडाळलेल्या कळीसारखं.

जाळी. हिला थोडा वेळ द्या. सारख्या अंतरावर लहान गोलांच्या ओळी काढा, उभ्या-आडव्या दोन्ही रांगा सरळ. आता पहिल्या ओळीत डावीकडच्या गोलाच्या माथ्यावरून निघून उजवीकडच्या गोलाच्या तळाशी पोचणारी नागमोडी रेघ काढा. सगळ्या ओळींत तेच. मग कागद 90 अंशांत वळवा आणि पुन्हा तेच. पहिल्या दिशेच्या रेघा संपेपर्यंत काहीच वेगळं दिसत नाही, दुसऱ्या दिशेच्या तीन-चार रेघा पडल्या की एकदम वळणदार जाळी उमलते. हिचं नाव ‘कॅडेंट’.

आणि भोवरा, म्हणजे ‘पॅराडॉक्स’. एक त्रिकोण घ्या. एका कोपऱ्यापासून शेजारच्या कोपऱ्याकडे सरळ रेघ न्या, पण कोपऱ्यात जाऊ नका, त्याच्या जराशी अलीकडे समोरच्या बाजूला टेका. तिथूनच निघा, पुढच्या कोपऱ्याच्या जरा अलीकडे टेका. दर वेळी कागद फिरवा. हात एकच हालचाल करतो, सरळ रेघ, फक्त सरळ रेघ, आणि काही मिनिटांत आत पिळत गेलेला भोवरा दिसायला लागतो. सरळ रेघांतून वळण कसं तयार होतं याचं मला अजूनही दर वेळी नवल वाटतं. ‘म’ किंवा ‘भ’च्या सरळ दांड्यांत तिरक्या रेघांनी त्रिकोण पाडून ही नक्षी भरता येते.

पेन उचलल्यावर

आधी बाह्यरेषा 01 ने, बारीक. जाड करायची असली तर ती सगळ्यात शेवटी. सुरुवातीलाच जाड केली की नक्षीची रेघ तिच्यावर चढलेली दिसते आणि कडेला गाठी येतात. काही वेळा मी बाह्यरेषा काढतच नाही, नक्षीच्या रेघा जिथे संपतात तीच अक्षराची कड. अक्षर मऊ दिसतं, पण त्यासाठी प्रत्येक रेघ कडेवर नेमकी थांबवावी लागते. पहिल्या दहा-बारा अक्षरांत हे करू नका.

पेन सैल धरा. मनगट वाकडं करण्यापेक्षा कागद फिरवा, सारखा फिरवा. करंगळी कागदावर टेकलेली असू द्या आणि तळहाताखाली एक कोरा कागद ठेवा. रेघ श्वास सोडताना काढली तर हात स्थिर राहतो असा माझा अनुभव आहे. मुद्दाम श्वास मोजत बसू नका, रेघेचा वेग कमी केला की श्वास आपोआप तिच्यामागे येतो. वेग किती? रेघ काढली जात असताना डोळ्यांना पेनाचं टोक सरकताना दिसलं पाहिजे, इतका.

‘क’च्या दंडापासून सुरुवात करते, कारण तो गडद आहे आणि बाकीच्या खणांचा गडदपणा त्याच्याशी ताडून बघता येतो. पट्ट्या वरून खाली. सगळ्या पट्ट्या झाल्याशिवाय काळं भरायला घेऊ नका, नाहीतर मागून जाणारी पट्टी घालायला जागा उरत नाही. मग पोट. चंद्रकोरी बाहेरच्या कडेला, म्हणजे लाटा आतल्या भोकाकडे दाटत जातील. वळणावर आतली कड बाहेरच्यापेक्षा आखूड असते, त्यामुळे लाटा तिथे आपसूक जवळ येतात. त्यांना जबरदस्तीने समान अंतरावर ठेवू नका. त्या दाटीतूनच पोटाची गोलाई डोळ्यांना कळते. मग आकडी. दंडाजवळ मोठी चक्रं, शेपटीकडे लहान होत जाणारी, अगदी टोकाला ठिपके. शिरोरेषेचं विणकाम शेवटी. तोवर हात थकलेला असतो आणि हे काम सोपं आहे.

मला एवढ्याला तासाभराहून जरा जास्त लागतो. एका बैठकीत व्हायलाच हवं असं नाही, पण खणाच्या मध्ये उठू नका. परत बसल्यावर रेघांचं अंतर हमखास बदलतं.

मन शांत होतं याबद्दल दोन शब्द, कारण यावर बरेच दावे केले जातात. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात 40 जणांना अडीच मिनिटांचं रटाळ टेलिफोन संभाषण ऐकवलं गेलं. ऐकताना कागदावरचे आकार भरत बसलेल्यांना इतरांपेक्षा 29 टक्के जास्त तपशील आठवले. हाताला हलकं काम असलं की मन भरकटायचं राहतं, एवढं त्यातून समजतं. तो प्रयोग आकार भरण्याचा होता, अक्षरांचा नव्हता, आणि हे कुठल्या आजारावरचं औषधही नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर, निर्णय संपलेले असतात आणि पुढची रेघ मागच्या रेघेसारखीच असते, तेव्हा डोक्यातली बडबड मंदावते. नवीन काही ठरवायची वेळ आली की ती परत सुरू होते.

चुकलं तर

शाई खोडता येत नाही, आणि पांढऱ्या शाईने झाकलेली जागा छाया देताना नेमकी उठून दिसते. त्यापेक्षा चुकीला सोबत द्या. एकदा ‘ळ’ काढताना खालच्या पोटातून पेन निसटलं आणि कडेच्या बाहेर चांगली तीन मिलिमीटरची रेघ गेली. अक्षर जवळजवळ पूर्ण झालेलं, जीव अगदी खाली गेला. थोडा वेळ बघत बसले. मग त्या रेघेच्या टोकाला एक लहान थेंब काढला, आणि तसेच आणखी सहा थेंब त्याच कडेला, अंतर कमी कमी करत. आता त्या ‘ळ’ला मोहोर आल्यासारखा दिसतो. एकटी चूक चूक दिसते, तीच पुन्हा पुन्हा काढली की नक्षीचा भाग होते. फक्त तीन तरी वेळा यायला हवी.

रेघांमधलं अंतर बिघडलं तर मोठ्या फटीत एक जास्तीची बारीक रेघ घाला आणि तशी रेघ दर चौथ्या फटीत देत जा. डाग पडला तर तो काळा गोल करून टाका, बाजूला दोन छोटे भाऊबंद काढा.

एका चुकीला मात्र सोबत देता येत नाही: शाई ओली असताना खोडरबर फिरवणं. मी एका ‘श’वर पेन खाली ठेवल्याबरोबर खोडरबर फिरवला आणि काळ्या भरलेल्या जागांमधून राखाडी फराटे शेजारच्या पांढऱ्या चक्रांवर गेले. दोन संध्याकाळींचं काम होतं ते. बारीक रेघ लगेच वाळते, पण 08 ने भरलेला काळा भाग वरून वाळलेला दिसला तरी आत ओलसर असतो. निदान 15-20 मिनिटं थांबा.

छाया

छायेशिवाय अक्षर सपाट राहतं. 2बी पेन्सिलीने, आणि फार थोडी. प्रकाश डावीकडून वरून येतोय असं धरा आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवा. ‘क’मध्ये दंड पुढे आहे, म्हणून पोट जिथे दंडाच्या मागे जातं त्या कडेला आणि आकडी जिथून निघते त्या कडेला तीन-चार मिलिमीटर रुंद छाया द्या. शिरोरेषेच्या खालीही, दंडाच्या माथ्यावर, थोडी. स्टंपने दंडापासून दूर पसरवा, उलट दिशेने नाही, नाहीतर दंड मळतो. पट्ट्यांच्या नक्षीत मागून जाणाऱ्या प्रत्येक पट्टीला पुढच्या पट्टीशेजारी पेन्सिलीचा एकेक हलका स्पर्श पुरतो.

मग कागद हातभर दूर धरून डोळे किलकिले करा. अक्षर ‘क’ म्हणून वाचता येतंय का? येत नसेल तर बहुधा पोटातलं भोक आणि त्याभोवतीची नक्षी सारख्याच फिकट झाल्यात. भोकाच्या आतल्या कडेला रेघ दुप्पट जाड करा, किंवा चंद्रकोरींतल्या एक आड एक लाटा जाड करा. भोकात मात्र काही भरू नका. सुरुवातीला ती जागा मोकळी बघवत नाही, पण अक्षर ओळखू येतं ते तिच्यामुळेच.

उलटी रीत आणि पूर्ण नाव

याच्या उलटही करता येतं: अक्षर कोरं ठेवायचं आणि भोवतालचा चौकोन नक्षीने भरायचा. ‘इ’ किंवा ‘ज्ञ’सारख्या दाटीच्या अक्षरांना हीच रीत बरी, कारण अंग बारीक असलं तरी चालतं. नक्षीच्या पट्ट्या आणि लाटा अक्षराच्या मागून गेल्यासारख्या काढा, म्हणजे एका कडेला थांबलेली रेघ पलीकडच्या कडेला त्याच सरळीत बाहेर आली पाहिजे. त्यासाठी ती आधी पेन्सिलीने अक्षरावरून सलग काढून घ्या आणि शाई फक्त बाहेर भरा. पार्श्वभूमीला जाळी किंवा गोटे घेतले तर कोरं अक्षर झगझगीत दिसतं.

पूर्ण नाव काढायचं तर शिरोरेषा सगळ्या अक्षरांना मिळून एकच ठेवा, एकाच नक्षीची, डावीकडून उजवीकडे न तुटता. प्रत्येक अक्षराला वेगळी नक्षी दिली तरी शिरोरेषा त्यांना बांधून ठेवते. वेलांटीच्या कमानीत समांतर रेघा छान वळतात. अनुस्वार म्हणजे एकच चक्र. रफार आणि उकार बारीक असतात, ते काळे भरा. जोडाक्षरात दोन अक्षरांना एकच नक्षी द्यावी की दोन? मी एकच देते आणि जोडावर छाया वाढवते. दोन नक्ष्या दिल्या की ‘स्व’ वाचताना ‘स’ आणि ‘व’ सुटे होतात.

काम झाल्यावर पेन्सिलीच्या छायेवर फिक्सेटिव्हचा (पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मारायच्या द्रवाचा) एक हलका फवारा द्या, खिडकी उघडी ठेवून, हातभर अंतरावरून. स्कॅन करायचं तर 600 डीपीआयवर (एका इंचात 600 बिंदू) करा, 300 वर 0.25 मिलिमीटरची रेघ जेमतेम तीन बिंदूंत मावते आणि दाट जागी रेघा एकमेकींना चिकटतात. कागदाच्या मागे तारीख, वापरलेली पेनं आणि चारही नक्ष्यांची नावं लिहून ठेवा. पुढच्या वेळी ‘ख’ काढायला बसाल तेव्हा कुठला दंड कुठल्या नक्षीने चांगला उभा राहिला होता, ते तिथे बघता येईल.